बारा वाजून बारा मिनिटं

अमेरिकेतल्या नऊ घरांना 1943 साली एवढंच कळलं की विमान मोहिमेवरून परतलं नाही, बहुधा भूमध्य समुद्रात पडलं असावं. त्या 'बहुधा'वर त्या घरांनी पंधरा-सोळा वर्षं काढली. समुद्रात गेलेल्या माणसाचं काही मागे उरत नाही, त्यामुळे शोधायचं तरी काय, असं म्हणून अशा घरांतली चौकशी हळूहळू थंडावते. आणि मग 1959-60 मध्ये त्याच घरांना तासातासाचा हिशेब मिळाला. किती वाजता उडाले, किती वाजता मदत मागितली, किती वाजता उड्या घेतल्या, त्यानंतर रोज किती पाणी प्यायले. नऊपैकी आठ घरांना माणसंही मिळाली, सांगाड्याच्या रूपात का होईना. नवव्या घराला नाही.

हा घटनाक्रम वाचताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारत जावा: हे कोण सांगतंय? तळावरची नोंदवही सांगते की परतलेले वैमानिक, मेलेल्याच्या खिशातली डायरी की वाळूत पडलेलं विमान? नात्यातल्या माणसाचा शोध घेणारे हे लवकर शिकतात. बाकीचे आपण एक सलग गोष्ट ऐकतो आणि त्यातले सांधे आपल्याला दिसत नाहीत.

4 एप्रिल 1943, रविवार, दुपार

लिबियात बेनगाझीच्या दक्षिणेला सुलूक नावाचं गाव आहे. तिथल्या मातीच्या धावपट्टीवर अमेरिकेचा 376 वा बॉम्बर गट मुक्कामाला होता. त्या दिवशीचं लक्ष्य होतं इटलीतलं नेपल्स बंदर, सरळ रेषेत सुमारे 1100 किलोमीटरवर. पंचवीस बी-24 लिबरेटर विमानं दोन तुकड्यांत निघणार होती, आधी बारा आणि मग तेरा. तळावरची नोंद पंचवीस सांगते. को-पायलट टोनरने आपल्या डायरीत अठ्ठावीस लिहिलंय. ज्या डायरीवर पुढचे आठ दिवस आपल्याला विसंबायचं आहे, तिच्यातला पहिलाच आकडा असा जुळत नाही.

'लेडी बी गुड' दुसऱ्या तुकडीत होती, नाकावर 64 आकडा रंगवलेली. नवं कोरं विमान, नुकतंच आघाडीवर आलेलं. त्यातल्या नऊ जणांचीही एकत्र अशी ही पहिलीच लढाऊ मोहीम. वैमानिक विल्यम हॅटन, को-पायलट रॉबर्ट टोनर, वाट काढणारा नेव्हिगेटर डी. पी. हेज, बॉम्ब टाकणारा जॉन वोराव्का, इंजिनांची देखभाल करणारा हॅरल्ड रिप्सलिंगर, बिनतारी यंत्रावर रॉबर्ट लामॉट आणि तीन गनर: गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युअल अॅडम्स.

दोन वाजून गेल्यावर विमान उडालं, अगदी शेवटच्यांपैकी एक. वाळूचं वादळ सुटलेलं होतं. उडतानाच इंजिनांनी वाळू खाल्ली आणि दुसऱ्या तुकडीतल्या तेरापैकी नऊ विमानांना अर्ध्या वाटेतून माघारी फिरावं लागलं. म्हणजे त्या दुपारी परत फिरणं ही लाजेची बाब नव्हती, बहुतेकांनी तेच केलं. पुढे गेलेल्या चौघांत लेडी बी गुड होती. इंजिनं ठीक चालत होती, म्हणून हॅटन पुढे गेला. त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं. पण या साऱ्या हकिगतीत नशीब म्हणण्याजोगी जागा मला हीच वाटते: तिची इंजिनं चांगली निघाली.

संध्याकाळी 7.50

चार विमानं नेपल्सवर पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि खालचं काही नीट दिसेना. बंदरावर बॉम्ब टाकण्यात अर्थ नव्हता. दोन विमानांनी परतीच्या वाटेवर दुसऱ्या लक्ष्यावर बॉम्ब टाकले, उरलेल्या दोघांनी वजन कमी करून इंधन वाचवायला ते समुद्रात सोडून दिले. लेडी बी गुडने समुद्रातच सोडले. एवढ्या लांब येऊन तिने शत्रूचं काहीच बिघडवलं नाही आणि शत्रूनेही तिचं काही बिघडवलं नाही. तिला कोणी पाडलं नाही, हे लक्षात असू द्यावं.

इथून पुढे ती एकटी. अंधार, खाली ढग, त्यांच्याखाली समुद्र, आणि पाठीमागून जोराचा उत्तरेचा वारा.

रात्री 12.12

ही वेळ पक्की आहे, कारण ती तळावर नोंदलेली आहे. हॅटनने बिनतारी संदेश धाडला: आपलं दिशादर्शक यंत्र चालत नाही, तळ कोणत्या दिशेला आहे ते सांगा. बेनगाझीजवळच्या बेनिनाच्या केंद्राने त्याच्या आवाजाचा माग काढला आणि दिशा कळवली. विमान वायव्येच्या रेषेवर आहे, असा त्या उत्तराचा अर्थ होता. वायव्येला समुद्र. म्हणजे अजून किनारा यायचा आहे, असंच चालत राहा.

इथे जरा थांबायला हवं, कारण नऊ माणसांचा जीव या एका उत्तरात गेला. त्या काळच्या केंद्रांवर दिशा काढायला कड्याच्या आकाराचा एरियल वापरत. कडं फिरवत जायचं, आवाज जिथे सगळ्यांत मंद होतो तिथे थांबायचं, रेषा मिळते. पण ती रेषा दोन्ही बाजूंना सारखीच जाते. बोलणारा रेषेच्या या टोकाला आहे की त्या टोकाला, हे कडं सांगू शकत नाही. ते माणसाने ठरवायचं असतं. रात्रीच्या त्या वेळी नेपल्सहून येणारं विमान समुद्रावरच असणार, दुसरीकडे कुठे असेल? केंद्रावरच्या माणसाने साहजिक तेच धरलं, विमानातल्यांनीही तेच धरलं. नंतरच्या तपासाने जो निष्कर्ष काढला तो उलटा: पाठीच्या वाऱ्याने त्यांना अंदाजापेक्षा लवकर आणून सोडलं होतं, ढगांमुळे किनारा खाली सरकला तो दिसला नाही, आणि ते वायव्येला नसून आग्नेयेला होते. रेषा अचूक होती, टोक चुकलं.

या ओळीचे साक्षीदार दोन आहेत, केंद्राची नोंद आणि वाळवंटातलं विमान. दोघंही खरं बोलतात. नोंद म्हणते 'या रेषेवर', विमान म्हणतं 'तिच्या दुसऱ्या बाजूला'. ही दोन टोकं जोडायला सोळा वर्षं लागली.

12.12 ते 2.00

त्याआधी विमान तळावरून गेलं तेव्हा खाली प्रकाशबाण सोडले गेले होते. वर कोणाला दिसले नव्हते.

मग जवळपास दोन तास सरळ, आत, वाळवंटाच्या पोटात. या दोन तासांचा साक्षीदार कोणी नाही. त्यांना काय वाटत होतं ते आपण ओळखू शकतो एवढंच: अजून समुद्र आहे, अजून समुद्र आहे, आता किनारा येईल. रात्री उंचावरून पाणी आणि वाळू दोन्ही सारखीच काळी. खाली जाऊन बघावं तर पाण्यात पडायची भीती. इंधनाचे काटे शून्याकडे निघालेले.

5 एप्रिल, पहाटे 2.00

इंजिनं एकेक करून बंद पडायला लागल्यावर नऊ जणांनी उड्या मारल्या. टोनरच्या डायरीत उडीची वेळ दोनची आहे. त्याच नोंदीत पुढे आहे की कोणाला फारसं लागलं नाही, जॉन मात्र सापडत नाही, बाकी सगळे आहेत. जॉन म्हणजे वोराव्का. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं आणि जमिनीवर आदळून तो तिथेच गेला होता. हे त्यांना कधीच कळलं नाही. 'अजून जॉन नाही' ही नोंद दुसऱ्या दिवशीही आहे.

रिकामं झालेलं विमान पुढे उडत राहिलं. एकच इंजिन, चौथं, चालू होतं. आणखी सुमारे 26 किलोमीटर जाऊन ते आपोआप खाली उतरलं, पोटावर घसरलं, पंखांच्या मागे मोडलं आणि थांबलं. पेट घेतला नाही, कारण पेटायला काही उरलंच नव्हतं. आत पाणी होतं, खाण्याचे डबे होते, चालू स्थितीतलं बिनतारी यंत्र होतं. 1959 मध्ये माणसं तिथे पोचली तेव्हा मशीनगन चालत होत्या आणि थर्मासमधलं पेय पिण्याजोगं होतं.

हे सगळं त्यांच्यापासून दक्षिणेला एका दिवसाच्या चालीवर होतं. ते उत्तरेकडे निघाले.

5 एप्रिल, सकाळ

आठ जण, अर्धी बाटली पाणी, थोडं खाणं. माणशी दिवसाला बाटलीच्या एका झाकणाएवढं पाणी, असं ठरलं. दिशा वायव्य.

मूर्खपणा म्हणावा असं यात काही नाही. किनारा ओलांडून थोडंफार आत आलो असू, असाच त्यांचा समज असणार. बारा वाजता केंद्राने जे सांगितलं होतं त्यावरून दुसरा समज होणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्षात ते तळापासून जवळपास 700 किलोमीटर आत होते, म्हणजे मुंबईहून निघून नागपूरला उतरावं आणि आपण लोणावळ्याच्या आसपास असू असं धरून चालायला लागावं, तसं. समुद्र पाचशे किलोमीटरहून दूर. आणि त्या एप्रिलमध्ये युद्ध ट्युनिशियात सरकलेलं असल्यामुळे हे वाळवंट कोणाच्याच कामाचं राहिलं नव्हतं. तिकडून कोणी जाण्याचं कारण नव्हतं.

जाताना त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी खुणा ठेवल्या: बूट बाणासारखे मांडून ठेवले, पॅराशूटच्या पट्ट्यांवर दगड ठेवले. शोधलं जाईल अशी खात्री असलेली माणसंच असं करतात. शोध सुरू झालाही होता, पण समुद्रावर.

6 आणि 7 एप्रिल

मंगळवारी साडेअकराला थांबले, ऊन चढलं होतं, वारा पडला होता. दुपार नरकासारखी गेली, असं टोनर लिहितो. विमानाचा आवाज नाही. पाच वाजता पुन्हा उठले आणि रात्रभर चालले: पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं. बुधवारी तोच क्रम. जमिनीवर पडून अंग ठणकणारं, झोप नाही, सारखी प्रार्थना.

पंधरा आणि पाच. ज्या माणसांना आपण कुठे आहोत हेच ठाऊक नव्हतं, त्यांनी घड्याळ मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

8 एप्रिल, गुरुवार

वाळूच्या टेकड्या लागल्या. कलांशियोचा वाळूसमुद्र. तोवरची जमीन सपाट आणि घट्ट होती, आता पाय रुतायला लागले. सारखी वाळू उडत होती. लामॉटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही निकामी व्हायला आले. अॅडम्स आणि मूर आता संपले, असं सगळ्यांना वाटलं. दिशा अजून वायव्यच.

9 एप्रिल, शुक्रवार

पाच जणांना पुढे पाऊल टाकवेना: हॅटन, टोनर, हेज, लामॉट, अॅडम्स. शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. ज्या मूरचं काल संपलं असं वाटत होतं, तोच आज पुढे जाणाऱ्यांत होता.

उड्या घेतलेल्या जागेपासून ते तोवर सुमारे 130 किलोमीटर चालले होते, रोजच्या झाकणभर पाण्यावर. पाण्याशिवाय वाळवंटात माणूस किती चालेल याचे लष्कराचे जे हिशेब होते, ते या पावलांनी मोडीत काढले. म्हणून तर 1959 च्या शोधाला ही माणसं सापडली नाहीत. शोधणाऱ्यांना वाळूच्या टेकड्यांपर्यंतच्या खुणा मिळाल्या, आणि एवढ्या थोड्या पाण्यावर ती टेकड्यांत शिरून पुढे गेली असतील यावर कोणाचा विश्वास बसेना.

10 ते 12 एप्रिल

शनिवारी एकदोन पक्षी दिसले. रविवारी पाणी जिभेला लावण्यापुरतं उरलं, आणि पाणी असतं तर आपण पोचलो असतो, असं टोनरने लिहिलं. वाचताना हीच नोंद सगळ्यांत जड जाते, कारण ती खरी नाही. पाणी असतं तरी समुद्र फार लांब होता. हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे बरंच.

सोमवार, 12 एप्रिलची नोंद सगळ्यांत छोटी आहे: मदत अजून नाही, रात्र फार थंड. पुढची पानं कोरी.

टेकड्यांत पुढे गेलेल्या रिप्सलिंगरकडेही डायरी होती. त्याची शेवटची नोंद 11 तारखेची: टेकड्यांतून बाहेर पडायची आणि पाणी शोधायची धडपड चालूच आहे. पाच जण थांबले होते तिथपासून तीस किलोमीटरहून अधिक अंतर तो आणि शेली कापून गेले होते.

1958 ते 1960

नोव्हेंबर 1958 मध्ये तेल शोधणाऱ्या एका ब्रिटिश पथकाला हवेतून वाळूत पडलेलं विमान दिसलं. त्रिपोलीजवळच्या अमेरिकी तळाला त्यांनी कळवलं, पण त्या भागात विमान पडल्याची नोंदच नव्हती, आणि कागदावर जे नाही ते कोणी घाईने बघायला जात नाही. 1959 मध्ये तेलवाल्यांची माणसं जमिनीवरून तिथे पोचली, कपड्यांवरची नावं वाचली गेली, आणि मग चक्रं फिरली. विमानात एकही माणूस नव्हता, रक्ताचा डाग नव्हता, पॅराशूटं नव्हती. 'समुद्रात पडलं' हे वाक्य त्या दिवशी रद्द झालं. घरांसाठी मात्र त्याहून अवघड वाक्य सुरू झालं: म्हणजे ते जिवंत उतरले होते.

पाच जण सापडले 11 फेब्रुवारी 1960 रोजी, पुन्हा तेलवाल्यांनाच. टोनरची डायरी त्यांच्याजवळ होती. मे महिन्यात लष्कर आणि हवाई दलाने मिळून मोठी शोधमोहीम काढली. 12 तारखेला शेली सापडला, 17 तारखेला रिप्सलिंगर. ऑगस्टमध्ये वोराव्का सापडला, विमानापासून फार लांब नव्हे. टोनर दोन दिवस ज्याची वाट पाहत होता त्या 'जॉन'चं उत्तर सतरा वर्षांनी असं मिळालं.

पुढे विमानाचे सुटे भाग इकडेतिकडे गेले. काही दुसऱ्या विमानांत बसवले गेले आणि त्या विमानांना अपघात झाले, अशा दंतकथा निघाल्या. त्यांनी रंग चढतो, पण त्या कुटुंबांच्या काही कामाच्या नाहीत. लामॉटच्या गावी, मिशिगनमधल्या लेक लिंडनमध्ये, लेडी बी गुडचा एक पंखा गावच्या कार्यालयासमोर उभा केलेला आहे. उरलेला सांगाडा 1994 मध्ये लिबियाच्या लोकांनी वाळवंटातून उचलून तोब्रुकला आणला.

आता हे सगळं इतकं तपशीलवार कळलं म्हणून हरवलेल्या प्रत्येक विमानाचं असंच कळत असेल, असं मात्र समजू नये. अमेरिकेत आजोबाचा किंवा काकाचा माग काढणारा माणूस पहिल्यांदा सेंट लुईसच्या दप्तरखान्याकडे वळतो, आणि बऱ्याचदा त्याला उत्तर मिळतं की कागद जळाले. 12 जुलै 1973 च्या आगीत तिथल्या कोटीच्या वर सेवा-नोंदी खाक झाल्या. 1912 ते 1960 दरम्यान सेवेतून मोकळ्या झालेल्या भूदल सैनिकांच्या साधारण ऐंशी टक्के, आणि महायुद्धातलं हवाई दल तेव्हा भूदलाचाच भाग होतं. मग उरतात त्या मृत सैनिकाच्या वेगळ्या नस्त्या, ज्यांत दात, हाडं, खिशातल्या वस्तू यांची यादी असते, आणि तुकड्यांचे रोजचे अहवाल. त्यांतून वेळ जुळवत जायची.

आपल्या भूमीवरही असं एक बी-24 आहे. 'हॉट अॅज हेल' नावाचं, 25 जानेवारी 1944 रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे येताना आठ जणांसह हरवलेलं. अरुणाचलच्या डोंगरात त्याचे अवशेष 2006 मध्ये सापडले, आणि त्यातल्या रॉबर्ट ऑक्सफर्ड यांच्यावर जॉर्जियातल्या त्यांच्या गावी 2017 मध्ये अंत्यसंस्कार झाले. पण तिथे डायरी नव्हती. कुनमिंगहून उडाल्यानंतरच्या वेळा सांगणारं कोणी नाही, त्यामुळे त्या आठ घरांकडे जागा आहे, घटनाक्रम नाही.

व्हर्नन मूरच्या घरच्यांचं नेमकं उलटं झालं. त्यांच्याकडे 9 एप्रिलच्या शुक्रवारपर्यंतची जवळपास प्रत्येक रात्र आहे आणि जागा नाही. 1960 च्या मोहिमेने त्या टेकड्या विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी पालथ्या घातल्या, पण तो सापडला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बेपत्ता अमेरिकी सैनिकांची यादी आजही सत्तर हजारांच्या वर आहे. तिच्यावर अजून काम चालतं, नातेवाइकांकडून डीएनएचे नमुने घेऊन ठेवले जातात, आणि ओहायोतल्या न्यू बोस्टनचा स्टाफ सार्जंट मूर त्या यादीत आहे.